मास्तरीणबाईंच्या मापाचं हँडल

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाईचे. गळ्यात टेप, खिशात खडू आणि ओठांत टाचण्या. कुणाशी बोलायचं म्हटलं की आधी टाचण्या तोंडातून काढाव्या लागत, आणि तेवढ्या वेळात बोलायचं ते निम्मं पोटात जाई. बायकोशीही त्यांचा संसार असाच झाला. बोलणं कमी, मापं जास्त.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी मशीन, मशीनशेजारी कापायचं टेबल, टेबलाखाली चिंध्यांचं पोतं आणि पोत्यावर मांजर. नाक्यावर तयार कपड्यांची दुकानं आली आणि मास्तरांच्या हाती राहिलं काय, तर विजारी आखूड करणं, चेन बदलणं आणि सुटलेल्या पोटांसाठी शिवणी उसवून देणं. "लोक खातात म्हणून आपण खातो," असं मास्तर म्हणायचे. पण लोक तरी किती खाणार? घरात तोंडं दोनच होती, तरी चिंध्या काही शिजवून खाता येत नाहीत. म्हणून मास्तरीणबाईंनी लांबच्या शहरात काम धरलं. एका म्हाताऱ्या बाईंना सांभाळायचं, तिथेच राहायचं, तिथेच जेवायचं.

गेल्या त्या वर्षभरासाठी म्हणून. मग वाढत्या पोरीच्या झग्याला पट्टीखाली पट्टी जोडत जावं, तसं वर्षाला वर्ष जोडलं गेलं. सुरुवातीला सुट्टीला यायच्या. पुढे त्या बाई न्हाणीघरात पडल्या, मांडीचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून मास्तरीणबाईंचं येणंही मोडलं.

इकडे मास्तरांचं चाललं होतं तसं चाललं होतं. वरच्या मजल्यावर त्यांची थोरली बहीण आक्का राहायची. ती दोन वेळा ताट पाठवायची, आणि ताटाबरोबर टोमणाही. "अरे, मशीनला तरी तेल घालतोस, स्वतःला घाल की जरा," असं म्हणायची. मास्तर जेवायचे आणि ताट धुऊन परत द्यायचे. टोमणा मात्र ठेवून घ्यायचे.

एक दिवस आक्का ताट ठेवत असताना विजार आखूड करायला आलेल्या कंपाउंडरने सहज सांगितलं, की कालव्यापलीकडच्या दवाखान्यातली आया काम सोडतेय, त्यांना कुणीतरी हवंय. मास्तरांच्या हातातली कात्री थांबली. मास्तरीणबाईंना रुग्णाचं सगळं येत होतं. पगार बरा होता. अडचण एकच. तिकडे बस जात नव्हती आणि पायी जायचं तर पोचेपर्यंत रुग्ण बरा होऊन घरी जायचा. सायकल हवी. आणि सायकल तर होती! मागच्या खोलीत, खुंटीला टांगलेली, मास्तरीणबाईंचीच. त्यातच त्यांचाच निरोप आला, की त्या बाईंचा मुलगा काही दिवस आईजवळ राहायला येतोय, तेवढ्यात मी येऊन जाते.

मास्तरांनी मनाशी गाठ मारली. सायकल अशी करायची, की तिच्यावर बसली की बायको उतरणारच नाही.

सायकल खाली काढली, पुसली, चाकांत हवा भरली. पण त्यांना आठवत होतं, की जायच्या आधीही बायकोची एक तक्रार असायची. हँडल लांब पडतं, मनगटं भरून येतात. तेव्हा मास्तरांनी "बघू" म्हटलं होतं, आणि तोंडात टाचण्या होत्या. आता त्यांनी तिचा जुना कुडता पेटीतून काढला. सीटला झाडूचा दांडा उभा बांधला, त्याला कुडता चढवला आणि दोन्ही बाह्यांची टोकं हँडलच्या मुठींना टाचली. बाही ताणली जाते की सैल पडते ते बघत, हँडल थोडं मागे, थोडं खाली असं करायला लागले.

आक्का ताट घेऊन आली ती दारातच थबकली.

"अगं बाई! हे काय?"

"माप घेतोय."

"माप? बायको यायच्या आधीच तिचं बुजगावणं केलंस की रे! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. तेही इतक्या वर्षांनी."

"तू ताट ठेव."

"ठेवते. तिला पण वाढू का?" आक्काने कुडत्याकडे हनुवटी उडवली.

पाना आणायला मास्तर पंक्चरवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "मास्तर, सायकल इकडे आणा, चहा निवायच्या आत करून देतो." मास्तरांनी मान हलवली. बायकोचं माप परक्याच्या हाती द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. मग पंक्चरवाल्याने नीट समजावून सांगितलं. हँडलची उभी दांडी पुढच्या नळीत उतरलेली असते. वरचा लांब बोल्ट आवळला की नळीच्या आत पाचर बसते आणि दांडी घट्ट धरते. बोल्ट ढिला करायचा, त्याच्या डोक्यावर लाकूड ठेवून हळूच ठोकायचं, की पाचर सुटते. मग दांडी वरखाली करायची, नाहीतर फिरवायची. "फक्त दांडीवर एक रेघ आहे, ती नळीच्या बाहेर दिसता कामा नये. आणि शेवटी बोल्ट जीव खाऊन आवळा."

मास्तरांनी कुडत्याच्या मापाने हँडल बसवलं आणि बोल्ट जीव खाऊन आवळला. मागे सरून पाहिलं. बुजगावण्याला झकास बसलं होतं.

मास्तरीणबाई आल्या. दारात पिशवी ठेवली आणि आधी मशीनकडे पाहिलं, मग मांजराकडे, मग नवऱ्याकडे.

"बारीक झालात."

"तू..." मास्तरांनी तोंडातून टाचण्या काढल्या. तोवर त्यांच्या शिंप्याच्या डोळ्याने पाहून घेतलं होतं. अंग भरलंय, मान थोडी पुढे आलीय आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आहे. "प्रवास झाला ना नीट?" एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सायकल समोर आणली. मास्तरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि हसल्या, आधी हसायच्या तशाच. गल्लीला एक चक्कर मारून आल्या आणि उतरून दोन्ही पंजे झटकायला लागल्या.

"काय झालं?"

"मुंग्या आल्या. मानही अवघडली. ही कुणाच्या मापाची केलीत?"

"तुझ्या. तुझ्या कुडत्याच्या."

"कुठल्या? त्या जांभळ्या? अहो, तो आता माझ्या दंडातसुद्धा जात नाही." हसता हसता त्या थांबल्या. नवऱ्याचा चेहरा पडलेला दिसला असावा. "राहू द्या. चालते की मी. माझ्यासाठी काय एवढं अडलंय?"

कशासाठी अडलंय, हे मास्तरांनी सांगितलं नाही. ते स्वतःवरच चिडले होते. उभी हयात गिऱ्हाइकांना सांगत आले, की जुन्या कपड्याच्या मापावर नवा कपडा बेतू नका, कापड तसंच राहतं, माणूस राहत नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे कच्चा टाका घातल्याशिवाय, ट्रायल घेतल्याशिवाय पक्की शिलाई नाही. दुसऱ्याच्या कोटाला जो मान दिला, तो घरच्या बाईला दिला नाही.

सकाळी चहा चालू होता, तेवढ्यात फोन वाजला. त्या म्हाताऱ्या बाईंचा मुलगा. मास्तरीणबाईंनी ऐकून घेतलं, मग चमचा घेतला आणि फोनशी धरून ताटलीवर टकटक वाजवला. "आ करा. आ. शहाण्या माझ्या. आणखी एक." बराच वेळ चाललं. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "मुलाच्या हातचं खात नाहीत. चमच्याचा आवाज ऐकला की वाटतं, मीच आहे."

मास्तरांनी कप खाली ठेवला. "ऊठ," म्हणाले. "उभी राहा. माप घेतो."

"आत्ता?"

"आत्ता."

मास्तरीणबाई गिऱ्हाइकासारख्या उभ्या राहिल्या. मास्तरांनी टेप गळ्यातून काढली. खांद्यापासून मनगट. पाठ. मान. पंजा, बोटं पसरून आणि मिटून. डावा हात वर करायला सांगितला, तो सरळ वर गेला. उजवा कानापाशी येऊन अडकला. मास्तरांनी ओढला नाही. तो जिथे थांबला तिथेच माप घेतलं.

"उचलून उचलून झालंय," मास्तरीणबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "बिछान्यातून खुर्चीत, खुर्चीतून बिछान्यात. बाई तशा चिमणीएवढ्या आहेत, पण घाबरल्या की अंग टाकून देतात. कपडे घालताना तर त्यांचे हात वर धरायचे आणि माझे त्याच्याही वर."

"दुखतं?"

"सवय झाली."

मास्तरांचा हात तिच्या खांद्यावर होता. माप घेऊन झालं होतं, तरी तो तिथेच होता. दोघांपैकी कुणीच तो काढला नाही. शेवटी आक्काची पावलं जिन्यावर वाजली तेव्हा मास्तरांनी टेप गुंडाळली.

मग मास्तर कामाला बसले. बोल्ट ढिला केला, लाकडाचा ठोकळा ठेवून ठोकला, पाचर सुटली. दांडी वर घेतली, रेघ नळीच्या आत राहील इतपत. हँडल आपल्या बाजूला कललं की मुठी पोटाकडे येतात आणि कोपर सैल राहतं, हे त्यांनी स्वतः बसून, उतरून, पुन्हा बसून शोधलं. ब्रेकच्या कांड्या खाली फिरवल्या, म्हणजे मनगट न मुडपता बोटं आपोआप त्यांवर पडतील. डावीपेक्षा उजवी मूठ थोडी जाड हवी होती. तिच्यावर जुन्या मखमलीची पट्टी घट्ट गुंडाळली आणि टोक असं शिवून टाकलं, की टाका शोधून सापडू नये. सकाळचं ऊन टेबलावरून जमिनीवर उतरलं, दुपारी परत बाहेर गेलं. मास्तरीणबाई तांदूळ निवडत समोर बसल्या होत्या. मध्येच बोलवायचे, "बस." त्या बसायच्या. "हात ठेव." ठेवायच्या. "कसं?" "जरा इकडे." परत उतरायच्या. लग्न झाल्यापासून मास्तरांनी इतक्या वेळा "कसं?" विचारलं नव्हतं.

उन्हं कलल्यावर म्हणाले, "आता ट्रायल. नाक्यापर्यंत जा आणि मागे फीर. फार लांब जाऊ नको."

मास्तरीणबाई निघाल्या. मास्तर दारात उभे राहिले. पाठ सरळ होती, मान ताठ, उजवं कोपर सैल. झकास बसलं होतं. नाका आला. आता फिरेल. पण मास्तरीणबाई फिरल्या नाहीत. एक पायडल, दुसरं पायडल, आणि त्या कालव्याच्या रस्त्याला लागल्या.

कालव्याचा रस्ता म्हणजे दवाखान्याचा रस्ता. मास्तरांना हसू इतकं आलं, की तोंडात टाचण्या असत्या तर गिळल्याच असत्या.

आणि मग त्यांना आठवलं. बोल्ट! त्यांनी बोल्ट अर्धाच आवळला होता. ट्रायल झाल्यावर बदलावं लागेल, मग उगाच कशाला पक्कं करा, म्हणून. त्यांच्या धंद्यात तीच रीत होती. नाक्यापर्यंत सरळ रस्ता, तेवढ्याला कच्चा टाका पुरला असता. पण कालव्याकडे लाकडाच्या वखारीपाशी मोठं वळण होतं.

मास्तर धावले. एक चप्पल दारात राहिली, दुसरी नाक्यावर. टेप पाठीवर आपटत होती. "अगं! थांब! वळू नको!" लोक बघायला लागले. इतक्या वर्षांत मास्तरांचा आवाज कुणी ऐकला नव्हता. पंक्चरवाला दुकानातून ओरडला, "मास्तर, बायको पळाली का?" मास्तरांना उत्तर द्यायलाही दम नव्हता.

वखारीच्या वळणावर भुशाचा ढीग होता, आणि त्याच्या कडेला मास्तरीणबाई पाय पसरून बसल्या होत्या. केसांत भुसा, कोपर सोललेलं. सायकल शेजारी पडली होती. चाक एकीकडे बघत होतं, हँडल दुसरीकडे, भांडलेल्या जावांसारखं.

"लागलं? हाड? हाड बघ आधी."

"हाड शाबूत आहे. मला कळतं हाडातलं." त्यांनी धुळीतला हात झटकला. "पण हे झालं काय? मी वळवलं हँडल आणि चाक म्हणालं, तू जा, मी आपलं सरळच बरं."

मास्तर खाली बसले. धाप लागली होती. "बोल्ट मी अर्धाच आवळला होता."

"का?"

"ट्रायल होती. परत उसवावं लागलं असतं."

मास्तरीणबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "अहो, कोटाचा टाका सुटला तर फार तर माणसाची लाज जाते. इथे माझी मान गेली असती की!" मग त्यांना हसू फुटलं. हसता हसता कोपर दुखलं, म्हणून आई गं म्हणाल्या आणि परत हसल्या. "उभ्या जन्मात एकदा ट्रायलला बोलावलंत, तेही असं."

"नाक्यापर्यंतच म्हटलं होतं तुला."

"हो. पण हात दुखेनात. म्हटलं, एवढं नीट बसलंय, तर बघू तरी दवाखाना किती लांब आहे."

"तुला कुणी सांगितलं?"

"वन्संनी. पहिल्याच दिवशी. त्यांच्या पोटात गोष्ट राहायला लागली तर अन्न कुठे राहील?"

मास्तरांनी पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ केलं आणि सायकल हातात धरून दोघं दवाखान्यापर्यंत चालत गेली. कोपर धुवायचंच होतं. नर्सने औषध लावलं, पट्टी बांधली. पट्टी बांधून झाल्यावर मास्तरीणबाईंनी चार खाटा बघितल्या, चादरी बघितल्या, पाण्याच्या पिंपाचं झाकण उचलून पाहिलं, कामाच्या वेळा विचारल्या. नर्स म्हणाली, "याल का तुम्ही? आम्हाला लवकर हवंय कुणीतरी." मास्तर दारात सायकल धरून उभे होते. "सांगते," मास्तरीणबाई म्हणाल्या.

परतताना कालव्याच्या पाण्यावर मावळतीचा उजेड पसरला होता. सायकलच्या चाकाची टिकटिक चालली होती.

"राहतेस का?" मास्तरांनी विचारलं.

मास्तरीणबाई चालता चालता थांबल्या. "हे विचारायला इतकी वर्षं लागली?"

"सायकल नीट झाली की विचारणार होतो."

"म्हणजे तुम्ही सायकलकरवी विचारायचं आणि मी सायकलीला उत्तर द्यायचं." त्या पुन्हा चालायला लागल्या. "तिथे माझ्या खोलीची खिडकी भिंतीवर उघडते. दुपारी बाई निजल्या की मी भिंतीकडे बघत बसते, आणि कानात आपलं मशीन वाजतं. खोटं नाही सांगत. मला यायचंय."

मास्तरांनी सायकल दुसऱ्या हातात घेतली आणि तिच्या बाजूला आले.

"पण त्यांचं काय करू? चमच्याचा आवाज तुम्ही ऐकलात ना. मी नाही गेले तर त्या उपाशी मरतील. मुलगा वाईट नाही, पण त्याच्या हातून घास उतरत नाही, त्याला तो काय करील? डॉक्टर म्हणाले, फार दिवस नाहीत. त्या आहेत तोवर जाते. त्या गेल्या की दुसऱ्या दिवशी गाडीत बसते."

"दवाखाना थांबणार नाही तोवर."

"नाही थांबायचा. तुम्ही थांबाल ना?"

"मी कुठे जातोय?" मास्तर म्हणाले. "माझं दुकान घरातच आहे."

घरी आल्या आल्या त्यांनी बोल्ट आवळला. पान्याला लोंबकळले म्हणा ना. मग उरलेले दिवस मास्तरीणबाई त्या सायकलवरून गावभर फिरल्या, बाजारात, जुन्या मैत्रिणींकडे, नुसत्याच कालव्यापर्यंत आणि परत. मनगटं दुखली नाहीत. एकदा तर आक्काला मागे बसवून आणलं, आणि आक्का दारात उतरून म्हणाली, "माझी कंबर गेली, पण मजा आली." मग मुलाचा फोन आला, आई जेवत नाही म्हणून, आणि मास्तरीणबाई ठरल्या दिवसाच्या आधीच गेल्या.

आता गंमत बघा. मास्तरीणबाई पोचल्या आणि त्या म्हाताऱ्या बाईंनी बाळसं धरलं. डॉक्टर हात टेकून बसला होता, तो आता हात जोडून उभा राहिला. दवाखान्यात दुसरी बाई लागली. मास्तर फोन करायचे तेव्हा पहिला प्रश्न तोच असायचा.

"बाई कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. आज खुर्चीत बसल्या."

"बरं झालं," मास्तर म्हणायचे.

हे "बरं झालं" तोंडातून काढायला त्यांना काय पडायचं, ते त्यांनाच ठाऊक. फोन ठेवल्यावर कधी वाटायचं, म्हातारीने आता आटपावं. आणि वाटलं रे वाटलं, की स्वतःचीच लाज वाटून जेवण जायचं नाही. आक्काला सगळं दिसत होतं. ती म्हणाली, "अरे, ती म्हातारी तुला पोचवून मग निघायची."

"जगेना का. ती काय माझ्या वाट्याचं जगतेय?" मास्तर इतके तोडून बोलले, की आक्का टोमणा अर्धाच टाकून वर गेली.

त्या दिवशी फोनवर मास्तरीणबाई बोलता बोलता कण्हल्या.

"खांदा?"

"हो. आत्ताच बाईंचे कपडे बदलले."

मास्तरांनी खडू उचलला. मग म्हणाले, "टेप आहे का तिथे? नसेल तर सुतळी घे. बाईंचं माप सांग."

"कशाला?"

"पाठीकडून उघडा झगा शिवतो. मागे नाड्या. पुढून बाह्या सरकवायच्या आणि मागे बांधायचं. हात वर करायला नकोत, त्यांनाही आणि तुलाही."

फोनमध्ये खुडबुड झाली. मग मास्तरीणबाई मापं सांगत गेल्या आणि मास्तर खडूने टेबलावर लिहीत गेले. मागून बारीक, चिरका आवाज येत होता, कोण आहे म्हणून विचारत होता. "आमचे हे आहेत," मास्तरीणबाई सांगत होत्या. "शिंपी आहेत. तुमच्यासाठी शिवतायत."

"त्यांना विचार, गळा केवढा हवा," मास्तर म्हणाले. "काहींना गळ्याशी घट्ट चालत नाही."

कित्येक महिन्यांनी नव्या कापडाला कात्री लागली. आक्का ताट घेऊन आली तेव्हा टेबलावर तीन झगे बेतलेले होते, तिसरा जाड फलालीनचा.

"तीन?" आक्का म्हणाली. "डॉक्टरने दिवस मोजून दिले होते म्हणे त्या बाईला. एक पुरला असता."

"एक अंगावर, एक वाळत," मास्तर फलालीनवर खडू ओढत म्हणाले. "आणि हा थंडीसाठी."

थंडीला अजून बराच अवकाश होता.